नर्सिंग असिस्टंट व्हायला किती खर्च येतो? फी भरण्याआधी हा हिशेब करून बघा

'दहावी-बारावी पास? सहा महिन्यांत नर्सिंग, १०० टक्के नोकरी!' एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा जाहिराती सर्रास दिसतात. खाली एक मोबाइल नंबर असतो. फी किती, हे फोन केल्यावरच कळतं. पण ती फी भरून हातात काय पडणार, हे बऱ्याचदा कोर्स संपल्यावर कळतं.

रुग्णालयांना आणि घरी रुग्ण असलेल्या कुटुंबांना प्रशिक्षित मदतनीस हवे असतात, त्यामुळे हे काम शिकण्यात फायदा आहे. या कामाचं प्रशिक्षण सरकारी योजनेतून मोफत मिळू शकतं. खासगी संस्थेत त्यासाठी काही हजारांपासून काही दहा हजारांपर्यंत रक्कम मोजावी लागते. पण फी हा खर्चाचा एकच भाग आहे. शिकण्याच्या काळात बुडणारी मजुरी आणि उपयोगाचं नसलेलं प्रमाणपत्र या दोन गोष्टी फीपेक्षाही महाग पडू शकतात.

नर्सिंग असिस्टंट म्हणजे नेमकं कोण?

रुग्णालयात ज्यांना मावशी, मामा, आयाबाई किंवा वॉर्डबॉय म्हणतात आणि घरी रुग्णाजवळ बसणाऱ्या ज्या व्यक्तीला 'ब्युरोची बाई' किंवा केअरटेकर म्हणतात, त्यांच्या कामाचं प्रशिक्षित रूप म्हणजे नर्सिंग असिस्टंट. सरकारी कौशल्य अभ्यासक्रमात या कामाचं नाव 'जनरल ड्युटी असिस्टंट' आहे. त्याचंच संक्षिप्त रूप जीडीए. घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी 'होम हेल्थ एड' हा वेगळा अभ्यासक्रम आहे.

रुग्णाला अंघोळ घालणं, स्पंजिंग करणं, कपडे बदलणं, जेवण भरवणं, बेडपॅन देणं, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलणं, रुग्ण झोपलेला असतानाच चादर बदलणं, व्हीलचेअर किंवा स्ट्रेचरवरून नेणं ही सहायकाची मुख्य कामं. ताप आणि नाडी मोजणं, हात धुण्याची योग्य पद्धत, संसर्ग रोखण्याची काळजी आणि जैववैद्यकीय कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगाप्रमाणे वेगळा करणं हेही शिकवलं जातं.

कूस वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, ज्यांना बेडसोअर म्हणतात. पडून असलेल्या रुग्णाला चुकीच्या पद्धतीने भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून हे काम 'बघून बघून येतं' असं नसतं. ते शिकावं लागतं.

इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, कोणतं औषध किती द्यायचं हे ठरवणं ही मात्र सहायकाची कामं नाहीत.

सहा महिन्यांत नर्स होता येतं का?

नाही. नर्स म्हणून काम करायचं तर परिचर्या परिषदेत नोंदणी लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. त्यासाठी १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आहे. देशपातळीवर अभ्यासक्रमाचे निकष ठरवणारी भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली. त्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला.

नोंदणी मिळवून देणारे अभ्यासक्रम असे आहेत: एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. तिन्हींना बारावी उत्तीर्ण असावं लागतं. यापेक्षा कमी मुदतीच्या कोर्सला जाहिरातीत कितीही वेळा 'नर्सिंग' म्हटलेलं असलं, तरी त्यातून नर्स म्हणून नोंदणी होत नाही.

सहायकाचा कोर्स केला म्हणून पुढे एएनएम किंवा जीएनएमची मुदतही कमी होत नाही. तिथे पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. ज्याला खरोखर नर्स व्हायचं आहे, त्याने 'आधी हा छोटा कोर्स करू, मग पुढचं बघू' असं ठरवण्याआधी याचा विचार करायला हवा.

मोफत प्रशिक्षण कुठे मिळतं?

सगळ्यात परिचित योजना म्हणजे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना. ती १५ जुलै २०१५ रोजी सुरू झाली आणि तिचा चौथा टप्पा २०२२ ते २०२६ या काळासाठी आखला गेला. या योजनेत प्रशिक्षणार्थीकडून फी घेतली जात नाही. सरकार थेट प्रशिक्षण संस्थेला पैसे देतं. आपल्या जिल्ह्यात सध्या कोणतं केंद्र चालू आहे, हे स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर शोधता येतं.

ग्रामीण भागातल्या गरीब कुटुंबांतल्या तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. ती सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. वयोमर्यादा साधारण १५ ते ३५ आहे, महिला आणि काही इतर घटकांसाठी ती ४५ पर्यंत शिथिल आहे. या योजनेतले अनेक कोर्स निवासी असतात आणि राहण्या-जेवणाचा खर्चही योजनेतूनच होतो. महाराष्ट्रात ती 'उमेद' म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत राबवली जाते. गावातल्या बचत गटाच्या ताई किंवा तालुक्याचा उमेद कक्ष ही चौकशीची पहिली जागा.

कोविडच्या काळात १८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने एक लाख आरोग्य मदतनीस तयार करण्यासाठी खास लघु अभ्यासक्रम सुरू केले होते. त्यात घरी रुग्णसेवा करण्यापासून नमुने गोळा करण्यापर्यंत सहा प्रकारची कामं होती. तेही मोफत होते. ते कोर्स त्या वेळच्या गरजेपुरते होते. त्यांच्या नावाने आज कोणी फी मागत असेल, तर सावध राहावं.

आधीच काम करत असाल तर?

अनेक मावशी दहा-पंधरा वर्षं वॉर्डात काम करत असतात, पण त्यांच्याकडे कागद नसतो. अशांसाठी 'पूर्वज्ञानाची मान्यता' हा मार्ग आहे. त्यालाच आरपीएल म्हणतात. यात पूर्ण कोर्स करावा लागत नाही. थोडी उजळणी होते, मग परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही सोय मोफत आहे. अनुभवी व्यक्तीने नवख्या मुलामुलींबरोबर पूर्ण फी भरून बसण्याआधी ही चौकशी जरूर करावी.

आणखी एक पर्याय म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या सुधारित नियमांत दहावी उत्तीर्ण उमेदवारासाठी किमान विद्यावेतन महिन्याला ६,००० रुपये, तर बारावी उत्तीर्णासाठी ७,००० रुपये ठरवण्यात आलं. अशी जागा देणारं रुग्णालय जवळ असेल, तर शिकताना घरातली आवक पूर्ण थांबत नाही.

खासगी संस्थेची फी वाजवी आहे का, हे कसं ओळखायचं?

खासगी संस्थांच्या या छोट्या कोर्सना एकच ठरलेला दर नाही. शहर, वसतिगृह, रुग्णालयाशी असलेला करार आणि संस्थेचं नाव यानुसार फी बदलते. पण तुलनेसाठी एक सरकारी माप वापरता येतं.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये कौशल्य प्रशिक्षणासाठी 'समान निकष' जाहीर केले. त्यात एका प्रशिक्षणार्थीमागे तासाला किती रुपये द्यायचे, हे कामाच्या प्रकारानुसार ठरवलं होतं: २७.५० रुपये, ३३ रुपये आणि ३८.५० रुपये. म्हणजे ४०० तासांचा कोर्स धरला, तर सगळ्यात खालच्या दराने ११,००० रुपये आणि सगळ्यात वरच्या दराने १५,४०० रुपये होतात. पुढे हे दर वाढवले गेले, त्यामुळे आजचा आकडा याहून जास्त येईल.

या हिशेबाचा उपयोग असा: संस्थेने सांगितलेली एकूण फी एकूण तासांनी भागायची. ४०० तासांसाठी ६०,००० रुपये मागितले, तर तासाला १५० रुपये पडतात. इतका फरक कशामुळे, हे संस्थेला सांगता आलं पाहिजे. वसतिगृह आणि जेवण त्यात असेल, मोठ्या रुग्णालयात रोज प्रात्यक्षिक असेल, तर फरक समजू शकतो. पण दुकानाच्या गाळ्यात एक पलंग आणि एक पुतळा ठेवून वर्ग चालत असेल, तर त्या फीला आधार नाही.

पावतीवर न दिसणारा खर्च

प्रवेशाच्या वेळी सांगितलेल्या रकमेत बऱ्याचदा पुढच्या गोष्टी नसतात: गणवेश आणि बूट, ओळखपत्र, वह्या-पुस्तकं, परीक्षा शुल्क, प्रमाणपत्राचं शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि प्रात्यक्षिकासाठी रुग्णालयात जाण्या-येण्याचं भाडं. वर्ग तालुक्याला आणि प्रात्यक्षिक जिल्ह्याच्या गावी, असं असेल तर भाड्याचा आकडा चांगलाच फुगतो.

लस हा यातला सहसा विसरला जाणारा खर्च. रुग्णाच्या रक्ताशी आणि वापरलेल्या सुयांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने हिपॅटायटिस बीची लस घ्यायला हवी. मोठ्यांना तिचे तीन डोस लागतात. पहिल्या डोसनंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डात पाठवण्याआधी निदान पहिला डोस झालेला असावा. तो संस्था देणार की स्वतःच्या पैशाने घ्यायचा, हे आधी विचारून घ्यावं.

बुडालेल्या मजुरीचं काय?

या कामाकडे वळणाऱ्या अनेक जणी आधीच काहीतरी कमावत असतात. कोणी धुणीभांडी करतं, कोणी शेतावर जातं, कोणी दुकानात उभं राहतं. त्यांच्यासाठी मोफत कोर्सलाही किंमत असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या बाईंना रोज ३०० रुपये मजुरी मिळते आणि महिन्यात २५ दिवस काम असतं. म्हणजे महिन्याला ७,५०० रुपये. चार महिन्यांचा पूर्णवेळ मोफत कोर्स केला, तर बुडालेली मजुरी ३०,००० रुपये. रोज ६० रुपये बसभाडं धरलं तर त्याचे ६,००० रुपये. गणवेश, बूट आणि किरकोळ खर्चाचे २,००० धरू. फी शून्य असूनही घराला हा कोर्स ३८,००० रुपयांना पडला.

आता दुसरा पर्याय बघू. शनिवार-रविवारचा सहा महिन्यांचा कोर्स, फी १५,००० रुपये. या बाईंची मजुरी चालू राहते. महिन्याला आठ फेऱ्या धरल्या तर ४८ दिवसांचं बसभाडं २,८८० रुपये. किरकोळ खर्च तेवढाच, २,०००. एकूण १९,८८० रुपये. फी भरूनही हा कोर्स जवळपास निम्म्यात पडतो. अर्थात शनिवार-रविवारच्या कोर्सलाही मान्यता असायला हवी आणि त्यात वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाचे तास पूर्ण व्हायला हवेत. नाहीतर वाचलेले पैसे वाचले असं म्हणता येत नाही.

यापुढची पायरी म्हणजे हा खर्च किती महिन्यांत वसूल होईल, हे बघणं. कोर्सनंतर कमाई महिन्याला ३,००० रुपयांनी वाढली, तर पहिल्या पर्यायातले ३८,००० रुपये वसूल व्हायला साधारण १३ महिने लागतात आणि दुसऱ्यातले १९,८८० व्हायला सात. म्हणून संस्थेला 'नोकरी मिळेल का' एवढंच विचारून भागत नाही. मागच्या तुकडीतल्या कोणाला कुठे आणि किती पगारावर काम मिळालं, हे विचारावं लागतं. शक्य असेल तर त्यांच्यापैकी दोघी-तिघींशी थेट बोलावं.

हाच हिशेब एएनएमला लावला, तर दोन वर्षांत फक्त मजुरीच १,८०,००० रुपये बुडते. फी वेगळी. पण तिथे शेवटी परिषदेची नोंदणी हाती येते आणि उपकेंद्रातल्या एएनएमसारख्या पदांसाठी अर्ज करता येतो. बारावी झालेल्या आणि घराला दोन वर्षं थांबता येईल अशा मुलीसाठी तो महागडा मार्ग जास्त फायद्याचा ठरू शकतो.

कर्ज, शिष्यवृत्ती आणि मुलींची फी माफी

लहान कोर्ससाठी केंद्र सरकारची कौशल्य कर्ज योजना आहे. जुलै २०१५ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा तिच्यात ५,००० ते १,५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळण्याची सोय होती. जुलै २०२४ मध्ये ही मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढवण्यात आली. तरी मोफत कोर्स मिळत असताना सहायकाच्या कोर्ससाठी कर्ज काढण्याआधी वसुलीचे महिने मोजलेले बरे. खासगी सावकार किंवा संस्थेनेच जोडून दिलेल्या फायनान्स कंपनीचा हप्ता कोर्स सोडला तरी चालूच राहू शकतो, म्हणून करार नीट वाचावा.

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींसाठी तो आहे. पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना लागू होते. चार-सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र कोर्सला ती मिळत नाही. 'मुलींना सरकारकडून फी परत मिळेल, आता भरून टाका' असं कोणी सांगत असेल, तर तो दावा आधी तपासावा.

हा खर्च शिकणाऱ्यानेच करायचा का?

अमेरिकेत या कामाला 'सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट' म्हणतात. तिथे १९८७ च्या कायद्यानंतर वृद्धांच्या नर्सिंग होममधल्या सहायकांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण बंधनकारक झालं. त्यातले किमान १६ तास देखरेखीखालचं प्रात्यक्षिक असतं. काही राज्यांची अट याहून कडक आहे. कॅलिफोर्नियात १६० तास लागतात.

तिथल्या केंद्रीय नियमात खर्चाचाही विचार आहे. नर्सिंग होमने कामावर घेतलेल्या किंवा नोकरी देऊ केलेल्या व्यक्तीकडून प्रशिक्षणाचे पैसे घेता येत नाहीत. पुस्तकांचेही नाहीत. एखाद्याने स्वतःच्या पैशाने कोर्स केला आणि वर्षभरात अशा नर्सिंग होममध्ये नोकरी मिळाली, तर राज्याला तो खर्च परत देण्याची व्यवस्था करावी लागते. ज्या संस्थेला प्रशिक्षित माणूस हवा आहे, तिने खर्चाचा भार उचलावा, असा हा विचार आहे.

भारतात रुग्णालयांवर अशी सक्ती नाही. तरी काही रुग्णालयं आपल्याला लागणारे सहायक स्वतःच शिकवून घेतात. त्यामुळे कोर्सची जाहिरात बघून फोन करण्याआधी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या मेट्रन किंवा मनुष्यबळ विभागाकडे 'तुम्ही शिकवून कामावर घेता का?' एवढं विचारून बघायला हरकत नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

• प्रमाणपत्र कोण देणार? संस्था स्वतः की मान्यताप्राप्त परीक्षा मंडळ? कौशल्य अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांची चौकट राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण आणि प्रशिक्षण परिषद ठरवते. आरोग्य क्षेत्रातल्या कामांचे निकष हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल तयार करते.

• 'नर्सिंग' म्हणत असाल, तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव आहे का?

• एकूण तास किती, त्यातले वॉर्डातले किती आणि कोणत्या रुग्णालयात? रुग्णालयाचं नाव कळल्यावर तिथे जाऊन खात्री करावी.

• फीमध्ये परीक्षा, प्रमाणपत्र, गणवेश आणि लस धरलेली आहे का? हे पावतीवर लिहून मिळेल का?

• कोर्स मध्येच सोडावा लागला तर किती पैसे परत मिळतील?

• 'शंभर टक्के नोकरी' म्हणजे रुग्णालयातली पगारी नोकरी की ब्युरोमार्फत दिवसावर काम? ब्युरोचं कमिशन किती?

दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका कोणत्याही संस्थेकडे किंवा ब्युरोकडे ठेवायला देऊ नये. पडताळणीसाठी दाखवावी आणि झेरॉक्स द्यावी. मूळ कागद अडकले की नको असलेलं काम सोडणंही अवघड होतं. पैसे भरताना रोख दिले तरी शिक्का आणि सही असलेली पावती घ्यावी आणि पहिल्याच दिवशी संपूर्ण फी भरण्याऐवजी हप्ते मागावेत.

एका कागदावर फी, भाडं, किरकोळ खर्च आणि बुडणारी मजुरी अशा चार ओळी लिहून बेरीज करायला दहा मिनिटं लागतात. त्याखाली पाचवी ओळ लिहायची: या प्रमाणपत्रावर मला कोणतं काम करता येईल? या ओळीचं उत्तर संस्थेकडून लेखी मिळत नसेल, तर फी कितीही कमी असली तरी तिथे पैसे भरू नयेत.